पॅसेज राहिलाच की!

घराचं काम काढलं की पुढचे दोन-तीन महिने घरात धड पाय ठेवायची सोय नसते. एकाच खोलीत सगळ्यांचा संसार, स्वयंपाकघरात मिस्त्रींसाठी चहाचं आधण, अभ्यासाच्या टेबलावर पुट्टीचा थर आणि बाबांच्या तोंडी एकच वाक्य, ‘बजेट हाताबाहेर चाललंय.’ मग एक दिवस शेवटचा हात मारून पेंटर निघून जातो. हॉलमध्ये नवा सोफा येतो, किचनच्या ट्रॉल्या दहा वेळा सरकवून बघितल्या जातात, वॉर्डरोबचे फोटो फॅमिली ग्रुपवर पडतात. या सगळ्या गडबडीत एका जागेकडे कुणीच बघितलेलं नसतं. तिथे उरलेल्या टाइल्सचे बॉक्स असतात, रंगाचे अर्धे डबे असतात, जुना टेबलफॅन असतो आणि ‘राहू दे इथेच, नंतर बघू’ म्हणून ठेवलेलं बरंच काही असतं. ही जागा म्हणजे पॅसेज.

‘नंतर’ म्हणजे कधी, तर पाहुणे येणार असतील तेव्हा. मग घरातल्या कॉलेजवाल्यांकडे मोर्चा वळतो. ‘तुम्हाला कळतं ना ते इन्स्टावरचं, जरा पॅसेजचं काहीतरी कर.’ पैसे संपलेले, जागा साडेतीन फुटांची आणि अपेक्षा मात्र पिंटरेस्टची! पण खरं सांगायचं तर घरातलं हे काम तरुण मुलामुलींनी हातात घेण्यासारखंच आहे. कमी खर्चात होतं, चूक झाली तर सुधारता येते आणि नीट केलं तर त्याचा फायदा रोज, घरातल्या प्रत्येकाला होतो.

फुकटची जागा? अजिबात नाही

पॅसेजला आपण ‘वाया गेलेली जागा’ म्हणतो. पण त्याचे पैसे मोजलेले असतात. २०१६ च्या रेरा कायद्यातली कार्पेट एरियाची व्याख्या बघा. घराच्या बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि गच्ची त्यातून वगळली आहे. घराच्या आतली वापरायची जागा आणि आतल्या भिंतींखालची जागा मात्र त्यात धरली जाते. म्हणजे हॉलमधून बेडरूमकडे जाणारा पॅसेजही त्यातच आला.

आता साधा हिशोब करा. समजा तुमचा पॅसेज १२ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद आहे. म्हणजे ४२ चौरस फूट. तुमच्या भागात समजा १५ हजार रुपये चौरस फुटाचा दर आहे. ४२ गुणिले १५ हजार म्हणजे ६ लाख ३० हजार रुपये. सव्वासहा लाखांची जागा आपण रंगाचे डबे ठेवायला वापरतो! हे गणित एकदा घरात जेवताना सांगून बघा. टाइल्सचे बॉक्स दुसऱ्या दिवशी हलतील.

वाड्यात पॅसेज नव्हता

गंमत म्हणजे आपल्या जुन्या घरांत पॅसेज असा प्रकारच नव्हता. कोकणातल्या घरात अंगणातून ओटीवर, ओटीवरून माजघरात, तिथून स्वयंपाकघरात असं एका जागेतून दुसऱ्या जागेत जायचं. वाड्यात मधला चौक आणि त्याच्या भोवतीची ओसरी हेच काम करायची. तिथून माणसं ये-जा करायचीच, पण तिथे बसायचीही, निवडण-टिपण करायची, मुलं खेळायची. नुसतं चालण्यासाठी वेगळी जागा ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती. फार तर एखादी अंधारी बोळकांडी असायची.

युरोपातही हेच होतं. रॉबिन इव्हान्स या ब्रिटिश वास्तुरचना अभ्यासकाने १९७८ मध्ये घरातली दारं आणि पॅसेज यांच्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. इंग्लंडमध्ये खोल्यांना जोडणारा स्वतंत्र कॉरिडॉर पहिल्यांदा कुठे दिसतो, हे शोधताना तो लंडनच्या चेल्सी भागातल्या ब्युफोर्ट हाउसच्या साधारण १५९७ च्या आराखड्यापर्यंत जातो. त्याआधी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत थेट दार असायचं. कॉरिडॉर आला, तसा प्रत्येकाला आपापल्या खोलीचा एकांत मिळाला आणि घरातल्या माणसांची जाता-येता होणारी भेट कमी झाली. ‘माझ्या रूममध्ये न विचारता येऊ नका’ हे वाक्य म्हणायची सोय आपल्याला पॅसेजने दिली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मुंबईच्या चाळींनी तिसराच रस्ता काढला. खोल्या लहान, पण बाहेर सगळ्यांची मिळून लांबलचक गॅलरी. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची. त्यामुळे खोल्यांबाहेरचा तो पॅसेज म्हणजे परीक्षेच्या दिवसांतली अभ्यासिका, उन्हाळ्यात झोपायची जागा आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पंगत बसायची जागा. आता या चाळींचा पुनर्विकास होतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर तिपटीने मोठं झालं, स्वतःचं संडास-बाथरूम आलं, लिफ्ट आली. आणि शंभर वर्षं दाराबाहेर असलेली, सगळ्यांच्या मालकीची ती जागा बदलली. पुनर्विकासात घर मिळालेल्या किंवा मिळणार असलेल्या कितीतरी घरांत हेच होतंय. त्यामुळे आपल्या घरातल्या पॅसेजमध्ये काय ठेवायचं, हा प्रश्न फक्त शोभेचा नाही. घरातली माणसं एकमेकांना जाता-येता कुठे भेटणार, हाही त्यातलाच प्रश्न आहे.

आधी रिकामा, मग स्वच्छ

सजावट म्हटलं की आपण सगळ्यात आधी ऑनलाइन खरेदीचं अ‍ॅप उघडतो. ते आधी बंद करा. पहिलं काम पॅसेज पूर्ण रिकामा करण्याचं. उरलेल्या टाइल्सपैकी पाच-सहा मात्र जपून ठेवा. पुढे एखादी फुटली तर त्याच कंपनीची त्याच नावाची टाइलही वेगळ्या बॅचमधली असेल तर रंगाला जुळत नाही. मागच्या बाजूला मार्करने खोलीचं नाव लिहा आणि माळ्यावर टाका. रंगाच्या डब्यावरच्या शेड नंबरचा फोटो काढून ठेवा. बाकी डेब्रिज गोण्यांत भरून रीतसर बाहेर काढा. रात्री गुपचूप कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी टाकणं हा उपाय नाही. मुंबईत यासाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे.

मग धूळ. सिमेंट आणि पुट्टीची धूळ इतकी बारीक असते की कोरडा झाडू मारला की ती उडते आणि तासाभराने परत खाली बसते. म्हणून ओलसर फडकं घ्या आणि वरून खाली या. आधी माळा आणि दारांच्या चौकटींची वरची बाजू, मग दिवे, स्विच (मेन बंद करून आणि कोरड्या फडक्याने), मग स्कर्टिंग आणि शेवटी फरशी. एका दिवसात हे संपत नाही. दोन-तीन दिवस रोज पुसावं लागतं. घरात कुणाला दमा असेल तर त्या काळात त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा आणि स्वतः मास्क लावा.

टाइल्सवर पांढरट थर राहिला की कुणीतरी ‘अ‍ॅसिड मार’ असा सल्ला देतंच. अ‍ॅसिडने टाइल्समधलं ग्राउट खराब होतं. संगमरवर किंवा कोटा असेल तर त्याची चकाकी जाते. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद पॅसेजमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

नव्या रंगाची भिंत हाताला कोरडी लागली तरी पूर्ण पक्की व्हायला आठवडे लागतात. तोवर ती घासू नका आणि चिकटपट्ट्या लावू नका. टेप काढताना रंगाचा पापुद्रा सोबत येतो आणि मग आईचा जो आवाज येतो, तो सगळ्यांना माहीत आहे.

उजेडाचं गणित

बहुतेक पॅसेजना खिडकी नसते. म्हणून तिथे सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू म्हणजे दिवा. आपल्याकडे पॅसेजमध्ये हमखास पांढरीफटक ट्यूब असते. बल्बच्या बॉक्सवर ‘के’ लिहिलेला आकडा बघा, तो केल्विनचा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ४००० म्हणजे मधला, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार. पॅसेजमध्ये ३००० किंवा ४००० पैकी एक निवडा आणि सगळे दिवे एकाच आकड्याचे घ्या. एक पिवळा, एक पांढरा असं झालं की कितीही महाग रंग लावला असला तरी भिंत डागाळल्यासारखी दिसते.

लांब पॅसेजला मधोमध एक जोरकस दिवा लावण्यापेक्षा दोन-तीन कमी वॅटचे दिवे अंतरा-अंतरावर लावले तर टोकाला अंधार राहत नाही. काम अजून चालू असेल तर वायरमनला टू-वे स्विच टाकायला सांगा. एका टोकाला लावायचा, दुसऱ्या टोकाला बंद करायचा, जिन्यात असतो तसा. आणि काम संपलं असेल तर प्लगमध्ये खोचायचा किंवा बॅटरीवर चालणारा सेन्सरचा छोटा दिवा घ्या. रात्री कुणी उठलं की आपोआप लागतो.

हा दिवा कुणासाठी, तर आजी-आजोबांसाठी. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, उजेड जास्त लागतो आणि उजेडातून अंधारात गेल्यावर नजर जुळायला वेळ लागतो. जगात अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये पडणं हे दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे आणि त्यात सर्वाधिक संख्या साठीपुढच्या माणसांची असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बेडरूम ते बाथरूम ही आठ-दहा पावलं आपल्याला काहीच वाटत नाहीत. पण काम झाल्यावर घर बदललेलं असतं. तीस वर्षं अंधारात हात लावून जिथे स्विच सापडायचा, तिथे आता तो नसतो. आजीच्या पायांना पाठ असलेला नकाशा आपण दोन महिन्यांत पुसून टाकलेला असतो.

फरशीकडे खाली बघा

म्हणून सजावटीआधी फरशी तपासा. जुनी फरशी न काढता वरच नव्या टाइल्स बसवल्या असतील तर खोलीच्या किंवा बाथरूमच्या दारापाशी अर्धा-पाऊण इंचाची पायरी तयार होते. तरुण माणूस ती सहज ओलांडतो. पाय घासत चालणारा तिथेच अडखळतो. अशा ठिकाणी उताराची पट्टी बसवून घ्या. ते जमत नसेल तर निदान फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची पट्टी लावा, म्हणजे कड दिसेल.

चकाकत्या टाइल्सवर सतरंजी घालायची हौस असेल तर खाली न घसरणारी रबराची जाळी हवीच. दोन्ही बाजूंना चार-पाच इंच फरशी दिसू द्या. म्हणजे पॅसेज रुंद वाटतो आणि सतरंजी भिंतीवर चढत नाही. नव्याने विकत घेण्याआधी घरातली चिंध्यांची सतरंजी धुऊन बघा. अनेकदा तीच सगळ्यात शोभते. कडा वर आल्या असतील तर मात्र मोह आवरा.

रुंदीचाही हिशोब करा. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच. त्यात सात इंच खोलीचा, समोरून तिरका उघडणारा शू-रॅक ठेवला तर ३५ इंच, म्हणजे जवळजवळ ९० सेंटिमीटर उरतात. सरळ जाणाऱ्या व्हीलचेअरला साधारण तेवढीच जागा लागते. त्याऐवजी १४ इंचांचं कपाट ठेवलं की २८ इंच उरले. समोरून कुणी आलं तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागणार. सामान खरेदी करण्याआधी जमिनीवर मास्किंग टेपने त्या वस्तूचा आकार आखा आणि दोन दिवस त्याच्या बाजूने चालून बघा. पाण्याची बादली, कपड्यांची टोपली, जेवणाचं ताट हातात घेऊन चाला. लगेच कळतं.

भिंतीवर कुणाला जागा?

आता भिंत. खिळा ठोकण्याआधी भिंतीत काय आहे ते माहीत हवं. वायरी साधारणपणे स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या जातात. तिथे ड्रिल नको. बाथरूमची सामाईक भिंत असेल तर आत पाइप असतात. काम सुरू असतानाच, भिंतीला झिऱ्या मारल्यावर आणि प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. पुढची दहा वर्षं उपयोगी पडेल.

फ्रेम लावताना आपण हमखास खूप वर लावतो. अनेक आर्ट गॅलऱ्यांमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर, म्हणजे १४५ सेंटिमीटरवर धरतात. घरातली माणसं बुटकी असतील तर आणखी दोन इंच खाली घ्या. अनेक फ्रेम लावायच्या असतील तर आधी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून पेंटरच्या टेपने भिंतीवर लावून बघा. आरसा बाजूच्या भिंतीवर लावला तर पॅसेज रुंद वाटतो, टोकाच्या भिंतीवर लावला तर लांब वाटतो. तुमचा पॅसेज आधीच बोगद्यासारखा असेल तर टोकाला आरसा नको. तिथे एखादा गडद रंग किंवा एकच मोठं चित्र लावलं की ती भिंत जवळ आल्यासारखी वाटते.

जुन्या घरांतल्या दोन गोष्टी पॅसेजला अगदी फिट बसतात. एक कोनाडा, दुसरी खुंटी. कोनाडा भिंतीच्या आत असतो, त्यामुळे चालायची जागा अडत नाही. नवीन पार्टिशन करत असाल तर सुताराला सांगून एक ठेवता येतो. विटेची भिंत मात्र इंजिनीअरला विचारल्याशिवाय खोदायची नाही. खुंट्या तर कुठेही बसतात. चाव्या, छत्री, कॉलेजची सॅक, आजोबांची काठी, सगळं खुर्चीच्या पाठीवरून भिंतीवर जातं.

पण भिंतीवरचा खरा वाद वेगळाच असतो. नव्या हॉलच्या रंगसंगतीत न बसणाऱ्या गोष्टी कुठे जाणार? आजोबांचा हार घातलेला फोटो, दहावीच्या सत्काराची फ्रेम, आत्याने विणलेलं तोरण, कामगार मंडळातली ती जुनी ट्रॉफी. ‘मॅच होत नाही’ म्हणून या वस्तू काम चालू असताना खोक्यात जातात आणि खोकं माळ्यावर जातं. घरातलं म्हातारं माणूस तक्रार करत नाही. नवीन घर मुलांनी हौसेने केलंय, आपण कशाला बोला, असा त्यांचा विचार असतो. पण रोज सकाळी ज्या फोटोला नमस्कार करायचा तो दिसत नाही, हे त्यांना जाणवत असतंच.

इथे तुम्ही मध्ये पडू शकता. खोकं खाली काढा आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक वस्तू निवडायला सांगा, फक्त एकच. जुन्या फोटोंना एकाच रंगाच्या साध्या पट्टीच्या फ्रेम करून घ्या. फोटो वेगवेगळ्या काळातले असले तरी फ्रेम सारखी असली की ते एकत्र शोभतात. मूळ फोटो जीर्ण असेल तर स्कॅन करून प्रिंट लावा आणि मूळ प्रत जपून ठेवा. आणि आजोबांच्या फोटोसाठी ट्यूबखालची नाही, नीट उजेडातली जागा द्या. आजीला हात पोचेल एवढ्या उंचीवर.

ओल झाकायची की दाखवायची?

घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असेल तर मात्र सजावटीला वेगळा अर्थ येतो. अमेरिकेत याला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. १९७० च्या दशकात बार्ब श्वार्झ या रिअल इस्टेट एजंटने ही कल्पना रुजवली, असं मानलं जातं. नाटकाचा सेट लावावा तसं घर लावायचं, म्हणजे बघणाऱ्याला तिथे राहण्याचं चित्र डोळ्यासमोर येतं. आता आपल्याकडेही फ्लॅटचे फोटो काढण्याआधी हे केलं जातं. इंटिरिअर डिझाइन शिकणारी काही मुलंमुली पॉकेटमनीसाठी अशी कामं घेतातही.

यात एक ठिकाण असं येतं, जिथे ठाम राहावं लागतं. पॅसेजची भिंत पुष्कळदा बाथरूमला लागून असते. तिथे ओल असते, रंगाला पोपडे धरलेले असतात किंवा पांढरा लोणा लागलेला असतो. काम सांगणारा म्हणतो, ‘तिथे एक मोठा आरसा लाव, झालं.’ भिंत सुंदर दिसते. पण महिन्याभराने राहायला येणाऱ्याच्या घरात बुरशीचा वास सुटतो.

ही नुसती नीतीची गोष्ट नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की घरातला एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने तो दिसणार नसेल, तर तो सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. भाड्याने देणाऱ्यासाठी याच धर्तीची तरतूद कलम १०८ मध्ये आहे. म्हणजे सजवणं वेगळं आणि लपवणं वेगळं.

ओल खरी आहे की नुसता दमटपणा, हे घरी तपासता येतं. संशयास्पद जागी हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा आहे, हवा खेळती ठेवून फरक पडेल. पाणी भिंतीतून येत असेल तर आधी गळती शोधायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मगच पुट्टी आणि रंग. हा क्रम चुकला की दर पावसाळ्यानंतर तेच पोपडे.

आणि हे उलट बाजूनेही लक्षात ठेवा. पुण्यात किंवा मुंबईत शिकायला गेलात आणि चार जणांत फ्लॅट बघायला गेलात, तर पॅसेजमध्ये जरा थांबा. आरशामागे, मोठ्या कॅलेंडरमागे डोकवा. बाथरूमच्या बाजूच्या भिंतीवर खालपासून हात फिरवा. नवा रंग फक्त एकाच भिंतीला का दिलाय, हे सरळ विचारा. फोटोवर तर अजिबात जाऊ नका. मोबाइलच्या ०.५ लेन्सने काढलेला तीन फुटी पॅसेज हॉलएवढा दिसतो. तुम्ही स्वतः फोटो काढणार असाल तर साध्या लेन्सने, छातीच्या उंचीवर मोबाइल सरळ धरून, सगळे दिवे लावून काढा. जागा आहे तेवढीच दिसू दे.

दाराबाहेरचा पॅसेज आपला नाही

घरातलं उरलेलं सामान बाहेर सरकवायचा मोह सगळ्यांना होतो. चपलांचं कपाट, सायकल, कुंड्या, जुनं गादीचं गुंडाळं. पण दाराबाहेरचा पॅसेज आणि जिना ही आग लागल्यावर पळायची वाट आहे. धुरात दिसत नसताना, वीज गेलेली असताना शेजारचे काका तिथून खाली उतरणार आहेत. सोसायटीची नोटीस लागण्याची वाट न बघता आपल्या दारासमोरची जागा मोकळी करा. हौस असेल तर दाराला छान नावाची पाटी लावा. आजीचंही नाव घाला त्यावर.

एका रविवारचा प्लॅन

सकाळी : पॅसेज पूर्ण रिकामा. टाइल्स, रंगाचे डबे, भंगार असे तीन ढीग. वरून खाली ओल्या फडक्याने पुसणं.

अकरा वाजता : माप घेणं. लांबी, रुंदी, दारं कुठे उघडतात, स्विच कुठे आहेत, कागदावर साधा आराखडा.

दुपारी : खोकं खाली. प्रत्येकाने एक वस्तू निवडायची. वर्तमानपत्राचे तुकडे लावून जागा ठरवायच्या.

चार वाजता : जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एकाच रंगाचे बल्ब आणि एक सेन्सरचा दिवा. पैसे उरले तर सतरंजीखालची जाळी आणि खुंट्या. ते जमलं तरच आरसा.

संध्याकाळी : दिवेलागणीनंतर सगळे दिवे लावून बघणं, मग सगळे बंद करून बघणं.

रात्री : घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बेडरूमपासून बाथरूमपर्यंत एकदा चालायला सांगा. तुम्ही फक्त मागे उभे राहा. कुठे हात भिंतीकडे जातो, कुठे पाऊल थबकतं, ते बघा. सोमवारी सकाळी सगळ्यात आधी तीच जागा दुरुस्त करा. फोटो मंगळवारी टाकला तरी चालेल.